राजारामपुरीतला रविवार : लेखिकेला भेटायला भाचीबरोबर

माझी भाची तेरा वर्षांची आहे. दोन वर्षांपासून ती मराठीतली एक फँटसी मालिका वाचते आहे. वाचते म्हणजे काय, पहिल्या भागातल्या नकाशाची घडी सुटून आली तरी तिला तो बोटाने चाचपल्याशिवाय झोप येत नाही. तिसरा भाग आला आणि लेखिका कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका पुस्तकांच्या दुकानात वाचकांना भेटणार असं कळलं. त्या रविवारी मी दुसरं काहीच ठरवलं नाही.

सांगलीहून आम्ही दुपारी दीडची एसटी धरली. महिलांना तिकीट निम्मं, त्यामुळे दोघींचा प्रवास एका तिकिटात झाला. सीबीएसवर, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून परीख पुलाखालून चालत राजारामपुरी गाठता येते. सामान नसेल तर चालतच जा, पण पावसाळ्यात त्या पुलाखाली पाणी साचतं, तेव्हा सरळ रिक्षा करा. स्वतःची गाडी आणायचा विचार असेल तर रविवारी संध्याकाळी राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर जागा शोधण्यातच अर्धा तास जातो, हे धरून चाला.

कार्यक्रम पाचला होता. आम्ही पावणेचारला पोचलो, तरी वीसेक जण आधीच आले होते. काउंटरवरच्या काकांनी पुस्तक घेतल्यावर पावतीमागे सतरा नंबर लिहून दिला. म्हणाले, "ताई, पोरीला पुढं बसवा की, तुम्ही बसा मागं." खुर्च्या चाळीसच होत्या. पाचला आलेले लोक जिन्यावर उभे होते. घरचे जुने भाग सही करून घ्यायला नेणार असाल तर दुकानात आधी फोन करून विचारा. इथे नवा भाग दुकानातून घ्यायचा आणि सोबत एकच जुनं पुस्तक, असा नियम होता. भाचीने पहिला भाग आणला होता.

लेखिका तासभर बोलल्या. नकाशा कसा सुचला, इथून त्यांनी सुरुवात केली. लहानपणी पन्हाळ्यावर त्यांनी अंधार बाव पाहिली होती. बाहेरून साधी दगडी इमारत, आत तीन मजले, तळाला पाणी आणि गडाबाहेर निघायची चोरवाट. "विहीर म्हणून आत शिरायचं आणि वेढ्याच्या पलीकडे निघायचं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या रांगेतली सगळी पोरं एकदम सावरून बसली.

पण मनात घर करून बसला तो किरणोत्सव. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर, शेवटी चेहऱ्यावर. कोल्हापूरकरांना हे पाठच असतं. लेखिकेने त्याच्याकडे गोष्ट रचणाऱ्याच्या नजरेने पाहायला लावलं. किरणांची वेळ ठरलेली, वाट ठरलेली, मुक्काम काही मिनिटांचा. आणि ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प वाढलं, वाटेत बांधकाम आडवं आलं, तर किरणं मधेच अडतात. "जादूला नियम लागतो आणि ती फसायची शक्यताही लागते. दर वेळी हमखास होणारी गोष्ट बघायला कोण दाटीवाटीने उभं राहील?" भाचीने हे वाक्य वहीत लिहून त्याभोवती चौकट काढली. मीही किती वर्षं ती गर्दी बघत आले, पण लोक श्वास रोखून का उभे असतात, हे मला त्या खुर्चीत बसून उमगलं.

प्रश्नोत्तरांचा वेळ मात्र हातचा गेला, आणि मोठ्या माणसांनीच तो घालवला. मुलांचा मोबाईल कसा सोडवायचा, वाचनाची गोडी कशी लावायची, असे पालकांचेच प्रश्न एकामागून एक. पोरांचे वर गेलेले हात हळूहळू खाली आले. कळकळीने सांगते, अशा ठिकाणी आपण गप्प बसावं. हा कार्यक्रम त्यांचा असतो.

सहीच्या रांगेसाठी थोडी तयारी लागते. नाव कागदाच्या चिठ्ठीवर देवनागरीत, ठळक अक्षरात लिहून ती चिठ्ठी पानात ठेवा. माझ्या भाचीच्या नावाची सुरुवात 'ऋ'ने होते आणि आजवर तिच्या प्रत्येक बक्षिसाच्या पुस्तकावर 'रु' पडलेला आहे. मुखपृष्ठानंतरचं, फक्त पुस्तकाचं नाव छापलेलं पान आधीच उघडून धरा. आतलं गुळगुळीत चित्रांचं पान सहीसाठी देऊ नका. आमच्या पुढच्या मुलाने नकाशाच्या चकचकीत पानावर सही घेतली, लगेच पुस्तक मिटलं आणि शाई समोरच्या पानावर उमटली. त्याचा चेहरा बघवेना. सही झाल्यावर पुस्तक उघडंच धरून बाजूला व्हा, दोन मिनिटं वाळू द्या. फोटो एकच, आणि तो मागच्या माणसाला काढायला सांगा.

टेबलाशी भाचीला एकटीला पाठवलं, मी चार पावलं मागे थांबले. तिने पहिल्या भागाचा नकाशा उघडला आणि उत्तरेकडच्या एका वाटेवर बोट ठेवलं. ही वाट पुरात वाहून गेली असं दुसऱ्या भागात लिहिलंय, मग तिसऱ्या भागाच्या नकाशात ती परत कशी? लेखिकेने पेन खाली ठेवलं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले. मग अगदी हळू आवाजात काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही.

परतायला साडेआठ वाजले. सीबीएसवरून सांगलीला रात्री उशिरापर्यंत गाड्या मिळतात, तरी सुट्टीच्या दिवशी शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. वेळ असेल तर खासबागेत भेळ खाऊन या, आम्हाला जमलं नाही.

गाडीत दिवे मालवले होते. हातकणंगल्यापर्यंत भाची मोबाईलच्या उजेडात सहीचं पान बघत होती. 'ऋ' बरोबर होता, आणि खाली लिहिलं होतं, 'नकाशा नीट वाचणारीला'. त्या काय म्हणाल्या, हे मी जयसिंगपूरला विचारलं.

"ते चौथ्या भागात आहे, मावशी," ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही म्हटलंय."

अंकलीचा पूल येईपर्यंत तिने पुस्तक मिटलं नव्हतं.