काकांचं धनुष्य, चापडा आणि साताऱ्याचा पाऊस

आमचे धाकटे काका बोटीवर होते. कुठल्याशा अमेरिकी बंदरातून येताना ते एक धनुष्य घेऊन आले. पुढे चाळीसेक वर्षं ते साताऱ्यातल्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या माळ्यावर, मोडक्या पाळण्यामागे, कोपऱ्याला टेकून उभं होतं. लहानपणी त्याला हात लावायची बंदी होती आणि मोठेपणी आठवणच राहिली नाही. गेल्या जूनमध्ये माळा रिकामा करताना ते हाती लागलं. वार्निश काळपट होऊन भेगाळलेलं, दोरी कुजलेली. मुठीत बसवलेलं अस्वलाचं गोल नाणं मात्र फडकं मारताच चमकलं.

माझी भाची तिरंदाजी शिकते. अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत तरी एक पोर धनुष्य घेऊन फिरतंय. अदितीचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं; भाची मात्र रिकर्व्हवाली, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्याची. तिने पात्यावरची, म्हणजे मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या भागावरची, बारीक अक्षरं मोबाईलच्या उजेडात वाचली. ‘बेअर, कोडियाक हंटर, ६० इंच, ४५ पाउंड’ आणि खाली ‘ग्रेलिंग, मिशिगन’. फ्रेड बेअर या अमेरिकी तिरंदाजाची ही धनुष्यांची कंपनी १९७८ साली फ्लोरिडात गेन्सव्हिलला हलली, म्हणजे धनुष्य त्याआधीचं. काका आणि कंपनी दोघांचाही हिशोब जुळला.

“मामा, याला चकचकीत करायला जाऊ नका. आधी ते जिवंत आहे का बघू,” ती म्हणाली.

पाती म्हणजे मधे लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लास, सगळं दाबून चिकटवलेलं. डिंकाने कुठे साथ सोडली असेल तर ताणल्यावर पातं फाटतं. तिने कडेकडेने नख फिरवलं, मग कापसाचा बोळा फिरवला. वार्निशची भेग असेल तर कापूस सरकतो, फायबरचा तंतू उठला असेल तर अडकतो. कुठे अडकला नाही. खालचं पातं मात्र पिळलेलं निघालं. इतकी वर्षं सगळा भार एका टोकावर होता, त्याचा हा प्रसाद. धनुष्य आडवं ठेवावं किंवा दोन खुंट्यांवर, हे काकांनाही कोणी सांगितलं नसावं.

दुसऱ्या दिवशी भाची सरावाला गेली आणि मी १२० नंबरचा पॉलिश पेपर काढला. दरवाजे घासायचा माझा अनुभव दांडगा, त्यामुळे आत्मविश्वासही दांडगा. दोन मिनिटांत खालच्या पात्यावरचं ‘कोडियाक हंटर’ पुसट झालं आणि मी थांबेपर्यंत इंग्रजी अक्षरांतलं ‘कोडि’ एवढंच उरलं. अक्षरं फायबरग्लासच्या आत असतील अशी माझी समजूत होती. ती वर छापलेली होती आणि त्यांच्यावर वार्निशचा पातळ थर तेवढा होता. भाचीने आल्यावर पाहिलं आणि म्हणाली, “वा मामा, घातलीत ना कोडी!” तो शब्द घरात अजून चालतो.

त्यानंतर नियम तिने घातले. अक्षरांवर मास्किंग टेप. पात्यांवर फक्त ४०० चा वॉटर पेपर, तोही ओला आणि हलक्या हाताने, कारण फायबर खरवडलं तर जोर घटतो आणि तंतू उघडे पडतात. शिवाय ती धूळ अंगाला खाजते आणि छातीत जायला नको, म्हणून तोंडावर मास्क. रंग काढायचा रिमूव्हर नाही, गरम हवेचं यंत्र नाही. दोन्ही डिंकाच्या मुळावर उठतात. मुठीचं लाकूड तेवढं २२० ने घासायची मुभा मिळाली. त्यात आठ दिवस गेले. काळपटपणाखालून लालसर लाकूड वर आलं तेव्हा मी दर तासाला उठून ते पाहत होतो, हे कबूल करतो.

आता पॉलिश. मला फ्रेंच पॉलिशच हवं होतं. आजोबांच्या पलंगाला होतं तसं, चापडा म्हणजे लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजवून, बोळ्याने चढवलेलं. पोवई नाक्याजवळून चापडा आणला. ओळखीच्या सुतारमामांना बोलावलं तर त्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं. जुलै संपत आला होता, अजिंक्यतारा किल्ला चार दिवस दिसला नव्हता.

“आवं, या हवेत चापडा? पांढरा पडंल.”

मी ऐकलं नाही. पाच हात दिले. पहिले दोन सुरेख बसले. तिसऱ्याला लाकडावर दुधाची साय धरल्यासारखं दिसायला लागलं आणि पाचव्याला तर मूठ धुक्यातल्या कासच्या पठारासारखी झाली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्याच्यावर बसतो आणि थरात अडकतो. सुतारमामांनी हे दोन शब्दांत सांगितलं होतं.

धनुष्य ऑक्टोबरपर्यंत कपाटावर आडवं पडून राहिलं. उन्हं तापल्यावर स्पिरिटच्या फडक्याने सगळा चापडा उतरवला, अगदी खाचांतलासुद्धा. चापड्यात मेण असतं आणि त्याच्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं वार्निश, धरत नाही, म्हणून दोनदा पुसलं. मग हार्डनर न लागणारा पीयू थिनरने पातळ करून, जुन्या धोतराच्या फडक्याने, दिवसाला एक असे सहा हात. प्रत्येक दोन हातांमध्ये ४०० चा पेपर. झळाळी मुद्दाम मारली, मॅट ठेवलं. चापड्याची ऊब त्याला नाही, हे मी आजही म्हणेन. पण पुढचा पावसाळा त्यालाच काढायचा आहे.

दोरी भाचीने डॅक्रॉनची, म्हणजे किंचित ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची, वळली. तिच्या धनुष्याची नवी दोरी ताणत नाही, त्यामुळे तिचा झटका सगळा टोकांवर येतो आणि जुन्या टोकांना तो सोसत नाही. चढवतानाही पायात अडकवून वाकवायचं नाही, त्यानेच पाती पिळतात. स्ट्रिंगर म्हणजे दोन्ही टोकांना अडकवायची वेगळी दोरी; ती पायाखाली धरून धनुष्य उचलायचं. दोरी मुठीपासून आठेक इंचांवर उभी राहिली. पिळलेलं पातं दिवसातून चार-पाच वेळा उलट्या बाजूला हाताने दाबून धरत होतो. तीन आठवड्यांत दोरी जवळजवळ मध्यावर आली. जवळजवळच.

सामानाचा वजनकाटा लावून २८ इंचांपर्यंत ओढलं तर ४३ पाउंड भरले. दोन पाउंड वयाचे म्हणू. मी आनंदात दोरी ओढून नुसतीच सोडणार होतो, तेवढ्यात भाचीने मनगट धरलं. बाण नसताना सोडली की सगळी ताकद पात्यांतच परत जाते. चाळीस वर्षं टिकलेलं धनुष्य त्या एका क्षणात चिरलं असतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी तिच्या काकांच्या रानात पेंढ्याचा गठ्ठा लावून तीन बाण मारले. पहिला गठ्ठ्यात, दुसरा गठ्ठ्याच्या पायाशी. तिसरा वरून गेला तो शाळूत. आम्ही दोघांनी तासभर धांडे बाजूला करून पाहिलं. शाळू काढायला लागले की पुन्हा जाणार आहे.