आमच्या माजघरातला काळा दगड

काळ्या दगडाचं कौतुक निघालं की लोक थेट वेरूळला पोचतात. पोचावंच, अख्खा कैलास एका खडकातून वरून खाली कोरत आणलाय. पण मला विचाराल तर या दगडाचं सगळ्यात मोठं काम सासरच्या माजघरात आहे: जातं.

दगड तोच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, म्हणून सह्याद्री आजही पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. काही थरांत बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत स्फटिक भरले. (अजिंठ्याला विक्रेते मागे लागतात ते हेच घेऊन.) जात्याला मात्र घट्ट, ठोकल्यावर खणखणीत वाजणारा दगड लागतो.

असा दगडही दळून दळून गुळगुळीत होतो. मग टकारी यायचा, छिन्नीने टाकी लावून द्यायचा. टाकीनंतरचं पहिलं दळण कोंड्याचं, आणि ते फेकायचं. "नाहीतर भाकरीत कचकच येते गं," सासूबाई सांगतात.

वरची तळी जड. एकदा फिरायला लागली की थांबवणं अंगावर येतं, म्हणून ओवी त्या फेऱ्याच्या मापाची. पहाटे पुरुष झोपलेले, समोर फार तर जाऊबाई. मग देवाची ओवी झाली की माहेरचा भाऊ यायचा, सासरचा जाच यायचा, सीतेचा वनवास यायचा. आणि त्या वनवासात बायका बिनदिक्कत सीतेच्या बाजूने. जनाबाईला दळू लागायला तर विठ्ठलच आला म्हणतात. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचं जातं दाखवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली, त्या संग्रहात आज लाखाच्या वर आहेत. एवढं वाङ्मय दुसऱ्या कुठल्या दगडाने दिलंय?

गिरणी आली आणि ओव्या थांबल्या, यावर मी एकदा हळहळले. सासूबाई म्हणाल्या, "तुला काय जातंय? आम्ही सुटलो."

ते खरंच. पण त्यांना मोबाईलवर रेकॉर्ड करायला बसवलं तर दोन ओळींपुढे जाईनात. खुंटा हातात आल्याशिवाय आठवतच नाही म्हणाल्या. शेवटी पुतणीच्या लग्नात हळद दळायला जातं मांडलं, खुंट्याला हळकुंड बांधलं, आणि मी मोबाईल काढते तोच त्यांनी मला समोर बसवलं.

"ठेव तो. आणि ओढ, नुसता धरून बसू नकोस."