तुम्ही विचारलेत म्हणून : मुलाच्या मापाची शर्यत

मोटारींच्या शर्यती पाहायला मी लेकीला आणि भाच्याला बरोबर नेते हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : इतकी लहान मुले तिथे दिवसभर करतात तरी काय, कंटाळत नाहीत का? विचारणारे बहुधा स्वतःही शर्यतींचे शौकीन असतात, आणि मूल झाल्यापासून त्यांचे ट्रॅकवर जाणे सुटलेले असते. खेळणी, रंगवायच्या वह्या, टॅबलेटवरच्या गोष्टी अशी यादी माझ्याकडून मिळेल, असे त्यांना वाटत असते. मला मात्र असे दिसून आले आहे की मुलाचे लक्ष शर्यतीवरून काढून दुसरीकडे लावणाऱ्या करमणुकीची ट्रॅकवर फारच थोडी गरज पडते. समोर चाललेली शर्यत त्याच्या मापाची करून दिली, तर ती एकटी पुरते. अट एवढीच, की त्याआधी त्याच्या शरीराची सोय नीट झालेली असली पाहिजे, आणि त्यात पहिला मान कानांचा आहे.

आपण ज्याला मुलाची किरकिर म्हणतो, तो पुष्कळदा आवाजाने आलेला शीण असतो. कामाच्या ठिकाणी प्रौढ माणसाने आठ तासांत सरासरी ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज सोसू नये, अशी अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेची शिफारस आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सोसण्याचा वेळ निम्मा धरावा असे त्याच शिफारशीत म्हटले आहे. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात, आणि शर्यतीच्या गाड्या जवळून जाताना शंभराचा आकडा सहज ओलांडला जातो. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून १.६ लिटरची टर्बो हायब्रिड इंजिने आली आणि पूर्वीच्या व्ही-८ इंजिनांच्या मानाने आवाज बराच उतरला, हे खरे आहे. पण तो उघड्या कानांनी ऐकण्याइतका खाली आलेला नाही. नायट्रोमिथेन या इंधनावर छोट्या सरळ पट्ट्यात धावणाऱ्या टॉप फ्युएल ड्रॅग गाड्यांचा धडाका तर छातीत जाणवतो. तिथे सुरुवातीच्या रेषेजवळ लहान मुलाला मी कानांवर आवाज अडवणारे मफ घालूनही नेत नाही.

मुलांसाठी कानांवर बसणारे, डोक्यावरून पट्टा जाणारे इअरमफच घ्यावेत. फोमचे बोळे लहान मुलाच्या कानात नीट बसत नाहीत, आणि निघाले की थेट तोंडात जाण्याचा धोका असतो. मफची गादी कानाभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. केसांची बट, टोपीची कड किंवा चष्म्याची काडी मध्ये आली, तर तेवढ्या फटीतून आवाज आत येतो. मफ घरी आठवडाभर आधी आणावेत आणि खेळताना घालू द्यावेत, म्हणजे त्या दिवशी त्यांचे ओझे वाटत नाही. ट्रॅकवर ते प्रवेशद्वाराच्या आधीच चढवावेत, कारण पहिल्याच आवाजाने मूल एकदा दचकले की नंतर त्याची समजूत घालणे अवघड होते. मोठ्यांनीही मफ घालावेत, स्वतःच्या कानांसाठी तर घालावेतच, शिवाय मूल आपल्याकडे पाहूनच ते डोक्यावर ठेवते. मफ घातल्यावर बोलणे ऐकू येत नाही, तेव्हा तहान, शू, भीती वाटणे आणि ‘आता पुरे’ यांसाठी हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. माझ्या लेकीला या खुणांचा इतका अभिमान आहे की शेजारी बसलेल्या अनोळखी मुलांनाही ती त्या शिकवते.

दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. मोठ्या माणसांना मुख्य सरळ पट्ट्यासमोरची, जाळीलगतची जागा हवी असते, आणि मुलासाठी नेमकी तीच सर्वांत वाईट असते. ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ८३ मीटर कापते. जाळीच्या तारांमधून पाहणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या हाती एक रंगीत रेघ आणि कानठळ्या एवढेच लागते. त्यापेक्षा संथ वळण निवडावे. मोनाकोच्या हेअरपिन, म्हणजे केसांच्या आकड्यासारख्या उलट फिरणाऱ्या वळणावर फॉर्म्युला वनची गाडीसुद्धा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास येते, आणि तेवढ्या वेगात मुलाला चालकाचे हेल्मेट, स्टिअरिंगवरचे हात, वळलेली पुढची चाके असे सगळे दिसते. जागा जरा मागे आणि उंचावर असावी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, आणि उंचावरून ट्रॅकचा मोठा तुकडा एका नजरेत येतो. जपानमधल्या सुझुका ट्रॅकचा आराखडा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, म्हणजे एका ठिकाणी ट्रॅक स्वतःच्याच वरून पुलासारखा जातो. असा नकाशा आदल्या दिवशी कागदावर मोठा काढून मुलाला त्यावर बोट फिरवू दिले, तर गाडी दिसेनाशी झाली की ती कुठे गेली असेल हे त्याला मनाने ताडता येते. मुलाच्या दृष्टीने शर्यतीतला निम्मा वेळ गाडी नजरेआड असते, त्यामुळे ही तयारी फार उपयोगाची ठरते.

आता शर्यत मापाची करणे म्हणजे काय ते सांगते. वीस-तीस गाड्यांची चढाओढ, टायरची झीज, इंधनाचा हिशेब हे सगळे लहान मुलाच्या आवाक्याबाहेरचे आहे. एक गाडी मात्र त्याच्या आवाक्यात असते. सकाळीच त्याला एक गाडी निवडू द्यावी, रंगावरून किंवा आकड्यावरून, आणि जिंकणारीच निवड असा आग्रह धरू नये. मागे राहणारी गाडी तर मुलासाठी अधिक चांगली, कारण तिच्या बाबतीत सतत काही ना काही घडत असते. भाचा पाच वर्षांचा असताना त्याने एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत केवळ पिवळ्या आरशांसाठी एक करडी गाडी निवडली होती. त्याच्या मनगटाला जाड दोऱ्यात ओवलेले लाकडी मणी बांधले होते, आणि गाडी समोरून गेली की एक मणी अलीकडून पलीकडे सरकवायचा असे ठरले होते. एका फेरीला गाडी आलीच नाही. त्याने मण्याकडे पाहिले, ट्रॅककडे पाहिले, माझी बाही ओढली आणि मफ बाजूला करून म्हणाला, ‘आत्या, माझी गाडी राहिली.’ आमच्या जागेवरून पिट, म्हणजे शर्यतीच्या मध्ये गाड्या चाके बदलायला आणि दुरुस्तीला थांबतात ती जागा, दिसत होते. त्याची गाडी तिथे उभी होती, पुढचे झाकण काढलेले होते आणि खालून मेकॅनिकचे दोन बूट बाहेर आलेले होते. पुढे किती तरी वेळ तो शर्यतीकडे न बघता त्या बुटांकडे बघत राहिला. ते बूट हलले की मला सांगायचा, थांबले की तेही सांगायचा. गाडी पुन्हा ट्रॅकवर आली तेव्हा ती कितव्या क्रमांकावर आहे याच्याशी त्याला काहीच देणेघेणे नव्हते; मणी सरकला, एवढे त्याला पुरे होते.

फेरीची लांबी पाहून मोजणीचा खेळ बदलावा लागतो. फ्रान्समधल्या ले मान्स ट्रॅकची फेरी १३.६ किलोमीटरची आहे आणि सर्वांत वेगवान गाड्यांनाही ती पुरी करायला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढ्यात मुलाचे पाणी पिऊन होते, दोन प्रश्न विचारून होतात आणि तरीही आपल्या गाडीची वाट पाहण्याची हुरहुर उरते. याउलट अमेरिकेतल्या मार्टिन्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या अंडाकृती ट्रॅकवर फेरी वीस सेकंदांत संपते. तिथे मोजायला लावले तर मूल रडकुंडीला येते, पण गाडी नजरेआड होत नसल्यामुळे ‘तुझी गाडी पुढच्या गाडीच्या जवळ गेली की लांब’ एवढेच विचारत राहिले तरी भागते.

निशाणांचा मुलांना फार नाद लागतो, आणि त्या नादामागे खरे शिक्षण आहे. पिवळे म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा आणि कुणालाही मागे टाकू नका. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळे म्हणजे मागून एका फेरीने पुढे असलेली गाडी येते आहे, तिला वाट द्या. पिवळ्या-लाल उभ्या पट्ट्यांचे म्हणजे रस्ता निसरडा आहे. चौकड्यांचे म्हणजे संपली. पांढऱ्याच्या बाबतीत जपून सांगावे, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचा अर्थ पुढे संथ वाहन आहे असा होतो, तर अमेरिकेतल्या अंडाकृती ट्रॅकवर ते शेवटची फेरी दाखवते. जुन्या कापडाची छोटी निशाणे घरी शिवून नेली की मूल समोरच्या मार्शलकडे, म्हणजे ट्रॅकच्या कडेला निशाणे दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, टक लावून बसते आणि त्याने जे निशाण हलवले तेच पिशवीतून काढून हलवते. शर्यत संपल्यावर चालक संथ फेरी मारतात तेव्हा मार्शल सगळी निशाणे घेऊन त्यांना मानवंदना देतात. त्या वेळी मुलालाही आपली सगळी निशाणे एकदम हलवू द्यावीत.

फॉर्म्युला वनमध्ये टायरच्या कडेच्या रंगांचाही असाच उपयोग होतो. मऊ टायर लाल, मध्यम पिवळा, कठीण पांढरा, ओलसर ट्रॅकसाठी हिरवा आणि भर पावसासाठी निळा. कोरड्या शर्यतीत प्रत्येकाला किमान दोन प्रकारचे टायर वापरावे लागतात, तेव्हा रंग बदलल्याचे पाहिले की गाडी पिटमध्ये जाऊन आली हे मूल मोठ्यांच्या आधी सांगते. चार चाके बदलण्याचा मॅक्लारेन संघाचा २०२३ मधल्या कतारच्या शर्यतीतला विक्रम १.८० सेकंदांचा आहे. हे नुसते सांगून मुलाला कळत नाही, म्हणून मोकळ्या वेळात त्याला चाके निघणारी खेळण्यातली गाडी आणि स्टॉपवॉच द्यावे.

मधला मोकळा वेळ खरोखरच मोठा असतो, आणि तो बसून काढायचा नसतो. पळायला गवताची उतरंड असेल तर पळू द्यावे, सावलीत झोपू द्यावे, आणि तेव्हा टॅबलेट दिला तरी माझी हरकत नाही. गाड्या ट्रॅकवर असताना मात्र मी तो देत नाही. संघांच्या तंबूंजवळ प्रेक्षकांना जाऊ देतात अशा शर्यती मुलांसाठी विशेष चांगल्या असतात, कारण उभी गाडी मुलाला धावत्या गाडीइतकीच आवडते. पिटमध्ये वयाची अट असू शकते, ती आधी विचारून घ्यावी. शर्यतीनंतर प्रेक्षकांना ट्रॅकवर सोडतात तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला रबराचे काळे, वळकट्या झालेले तुकडे पडलेले असतात, त्यांना मार्बल म्हणतात. टायरचा पृष्ठभाग तापून सोलवटतो आणि हे तुकडे कडेला साचतात. हातात घेतले तर ते किंचित चिकट लागतात, आणि त्यांचा उग्र वास बोटांना रात्रीपर्यंत राहतो. शर्यत संपल्यावर चालक मुद्दाम या कचऱ्यावरून गाडी नेतात, कारण गाडी ठरलेल्या किमान वजनाखाली भरून चालत नाही, आणि चाकांना चिकटलेल्या रबराने ती वजनकाट्यावर थोडी जड भरते. हे ऐकल्यावर माझ्या लेकीने आपल्या बुटांचे तळवे तपासले होते.

अपघाताचा प्रश्न बहुतेक पालक विचारायचे टाळतात, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ट्रॅकवर गाडी भिंतीला धडकणार, तुकडे उडणार आणि मूल ते पाहणार, हे गृहीत धरूनच जावे. त्या क्षणी ‘काही झाले नाही’ असे म्हणू नये, कारण आपल्यालाही ते माहीत नसते. आपण काय पाहतो आहोत ते सांगावे : लाल निशाण आले, डॉक्टरांची गाडी निघाली, मार्शल धावले, चालक बाहेर आला का ते आपण बघू. गाडीचे पुढचे-मागचे भाग चुरगळून धक्का स्वतःवर घेण्यासाठीच बनवलेले असतात आणि चालकाभोवतीचा सांगाडा वेगळा, मजबूत असतो, हे मुलांना चांगले समजते. २०२० मध्ये बहारीनला फॉर्म्युला वनचा चालक रोमँ ग्रोजाँ याची गाडी कठडा फोडून पेटली, आणि सुमारे २८ सेकंदांनी तो स्वतः आगीतून बाहेर आला. २०१८ पासून सक्तीच्या झालेल्या, डोक्याभोवतीच्या हेलो नावाच्या कड्याने त्याचे डोके वाचवले. भाचा सात वर्षांचा झाल्यावर मी त्याला ही हकीकत सांगितली, आणि तेव्हापासून तो प्रत्येक गाडीवर ते कडे शोधतो. तरीही ट्रॅकवरची शांतता फार लांबली आणि अपघाताच्या जागेभोवती आडोशाचे पडदे लागले, तर मी मुलांना घेऊन उठते. प्रेक्षकांच्या बाजूचा धोकाही खरा आहे : १९५५ मध्ये ले मान्सला एक गाडी उसळून गर्दीत गेली आणि ८० हून अधिक माणसे गेली. आज जाळ्या, कठडे आणि मोकळ्या पट्ट्या आहेत त्या अशा अनुभवांतून आल्या, म्हणून उभे राहायला मनाई असलेल्या जागी मुलाला खांद्यावर घेऊन क्षणभरही थांबू नये.

हरवण्याबद्दल थोडक्यात. २०२३ च्या ले मान्सला तीन लाखांवर प्रेक्षक होते. इतक्या गर्दीत आणि आवाजात हाक पोचत नाही. मुलाच्या दंडावर आपला फोन नंबर पक्क्या शाईने लिहावा, भडक रंगाचे कपडे घालावेत, सकाळी त्याचा फोटो काढून ठेवावा आणि हरवल्यास जागेवरून न हलता मार्शलच्या कपड्यातल्या माणसाला दंड दाखवायचा, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे.

किती वयापासून न्यावे, असेही विचारले जाते. तीन वर्षांखालच्या मुलाला मुख्य शर्यतीला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतरही पहिल्या खेपेला सरावाचा दिवस निवडावा. फॉर्म्युला वनमध्ये तो शुक्रवारी असतो. गर्दी कमी असते, आणि बऱ्याच ठिकाणी एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जाऊन पाहता येते. त्यानंतर मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यती पाहाव्यात. फॉर्म्युला वनमध्ये २०२१ पासून काही ठिकाणी होणारी स्प्रिंट शर्यतही साधारण १०० किलोमीटरची, अर्ध्या तासाची असते, आणि तेवढा वेळ पाच वर्षांचे मूल आनंदाने बसते. पूर्ण ३०५ किलोमीटरची शर्यत सहा-सात वर्षांनंतर दाखवावी. त्या दिवशीही ‘आता पुरे’ची खूण झाली की किती फेऱ्या उरल्या आहेत हे न मोजता उठावे, आणि गाडीत बसून दारे लागेपर्यंत मुलाचे मफ काढू नयेत, कारण वाहनतळ पुष्कळदा ट्रॅकला लागूनच असतो.