वाघाची वाट आणि वानरांची न्याहारी

कान्हाला गेलो ते अर्थातच वाघासाठी. मार्चअखेर, मुक्की गेट, पहाटेची जिप्सी, अंगावर स्वेटर. पहिला दीड तास पावलांचे ठसे आणि धूळ यापलीकडे काही हाती लागलं नाही. मग सालवनाच्या कडेला वानरांचा कळप दिसला आणि गाइडने गाडी बंद करायला लावली. म्हणाला, "थांबू या साहेब. वाघ असला तर हेच सांगतील."

पाऊण तास थांबलो. त्यात वाघाचा विषय माझ्या डोक्यातून कधी गेला, कळलंच नाही.

आधी नजर गेली शेपट्यांवर. पाठीवरून डोक्याकडे वळलेल्या कमानीच. सह्याद्रीतली वानरं शेपटी बरोबर उलटी, मागे वळवून चालतात. साधारण तापी-गोदावरीच्या पट्ट्यात हा बाक बदलतो म्हणे. भाषांच्या सीमा ऐकून होतो, शेपट्यांचीही असते हे भारीच!

कुसुमाला लालभडक पालवी फुटली होती. एक मादी फांदी ओढायची, पण अंगठा इतका आखूड की पकड सगळी चार बोटांची. शेंड्याची पानं ओरबाडायची, दोन घास खायची आणि उरलेली डहाळी सरळ खाली. कमालीची उधळी जात! पण खाली चितळं होतीच, मी अकरा मोजली. डहाळी पडली की दोन-तीन माना एकदम वळायच्या. झाडावर चढता न येणाऱ्यांना शेंड्याची पालवी घरपोच.

आठच्या सुमारास खाणं थांबलं. सगळी मंडळी फांद्यांच्या बेचक्यांत, हात गुडघ्यांवर, पोटं टम्म. गाडीतले एक काका म्हणाले, "काय आळशी आहेत हो!" मला हसू आलं, कारण कामाची वेळ ती आत्ता कुठे सुरू झाली होती. लालतोंड्या माकडाचं बरं असतं. मिळेल ते गालाच्या पिशवीत कोंबायचं आणि पळायचं. वानराला ती पिशवी नाही, त्याची सगळी करामत पोटात. गाईसारखंच कप्प्यांचं पोट, त्यात जंतूंची वस्ती. पानातला चोथा ते जंतू आंबवतात, काही विषारी द्रव्यंही निकामी करतात. या आंबवणीला वेळ लागतो, म्हणून हे बसणं. पिकलेली गोड फळं फार झाली तर हेच पोट आम्ल होऊन बिघडतं. वानरांना केळी देणाऱ्या भाविकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

एवढ्यात काळपट अंगाचं, गुलाबीसर तोंडाचं पिल्लू दिसलं. ते आईकडून एकीने घेतलं, तिच्याकडून दुसरीने ओढलं. पिल्लू किंचाळलं तसं तिसरीने उचललं. आई निवांत पानं चघळत होती. आयती पाळणाघरं! कळपात मोठा नर एकच होता, वरच्या फांदीवर पाठ करून बसलेला. अशा नराला हुसकावून नवा आला की तो पुष्कळदा आधीची तान्ही पिल्लं मारतो. धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने 1960च्या दशकात हे नोंदवलं होतं. मी पिल्लाकडे पाहिलं, मग त्या पाठीकडे.

आणि अचानक त्याच नराने मान ताणली. खक्! खक्-खक्! कोरड्या खोकल्यासारखा आवाज. चितळांच्या शेपट्या ताठ, एकीने पुढचा पाय जमिनीवर आपटला. गाइड उभाच राहिला. "चितळ घाबरून कशालाही ओरडतं, पण हा डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओरडत नाही," तो कुजबुजला. बघता बघता मागे पाच गाड्या गोळा झाल्या. सगळ्या दुर्बिणी गवताकडे.

गवत हललं नाही. वीस मिनिटांनी गाड्या एकेक करून निघून गेल्या.

वर नराने तोंड वळवलं आणि जुनं, जून पान तोडलं. देठ तेवढा कुरतडून खाल्ला आणि पान सोडून दिलं. ते गिरक्या घेत खाली आलं. चितळाने हुंगलं आणि खाल्लं.