माझा कोहाकू आणि दहा अक्षरांचा फॉर्म

टोकियोच्या फ्लॅटमध्ये तळं कुठून आणणार, म्हणून निशिकीगोई, म्हणजे शोभेचा रंगीत कार्प मासा (कोई), विकत घेऊन ब्रीडरकडेच वाढवायला ठेवायचा, याला इथे अझुकारी म्हणतात. निइगाता प्रांतातल्या ओजियाला जाऊन एक कोहाकू, म्हणजे पांढऱ्या अंगावर लाल डागांचा कोई, निवडला, भाव ठरला, सगळं एका दुपारी झालं. अडलं ते माझ्या नावात.

हा व्यवहार बघणाऱ्या एजंटच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव काताकाना या जपानी लिपीत, तेही झेनकाकु म्हणजे पूर्ण रुंदीच्या अक्षरांत आणि जास्तीत जास्त दहा अक्षरं. माझ्या बँक खात्यावर आडनाव, नाव, बाबांचं नाव मिळून सतरा! बाबांचं नाव गाळलं की खात्याशी जुळत नाही, लिहिलं की चौकट लाल. फोन केला की एकच उत्तर, परत भरा. पाच वेळा भरला, तीन आठवडे गेले आणि इकडे ऑक्टोबर संपत आलेला. बर्फ पडायच्या आत मातीच्या तळ्यातले मासे काढून आतल्या टाक्यांत हलवतात, माझ्या माशाची जागा महिनाअखेरपर्यंतच राखलेली. रात्री झोप येईना हो, अजून आठवलं की चीड येते.

शेवटी शनिवारी शिंकान्सेनने नागाओका, तिथून लोकलने ओजिया. ब्रीडर काकांनी साधा कागद काढला आणि माझं नाव दोन ओळींत हाताने लिहून घेतलं. पाच मिनिटं! तुमचं नाव लांब असेल तर पहिल्याच दिवशी कागदी फॉर्म मागा.

मग काका निवांत बोलत बसले. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या डोंगरातले भातशेतकरी हिवाळ्यात खायला साधे काळे कार्प पाळायचे, त्यात एखादा रंगीत निघाला तो खाल्ला नाही, जपला. 1914 च्या टोकियोच्या प्रदर्शनानंतर बाहेरच्यांना कळलं. 23 ऑक्टोबर 2004 च्या भूकंपात शेजारचं यामाकोशी अख्खं रिकामं करावं लागलं, तळी फुटली, वाचलेले मासे हेलिकॉप्टरने खाली आणले. हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हो, निवडताना मासा वरून बघा, कोईचं सौंदर्य पाठीवर असतं. कोहाकूचा पांढरा दुधासारखा स्वच्छ हवा, लाल डागाची कड सुरीने कापल्यासारखी. आणि न विचारता पाण्यात हात घालू नका, कोई हर्पीस व्हायरस या माशांच्या जीवघेण्या रोगाची भीती असते.

उन्हाळ्यात माझा कोहाकू परत मातीच्या तळ्यात उतरेल. ऑक्टोबरला बाहेर काढतील तेव्हा मी काठावर असणार, रजा आत्ताच टाकलीये.