पोट पंचांगावर, भिस्त पीथमपूरवर

इंदुरात लग्नाचे फोटो काढून पोट भरायचं तर भिंतीवरच्या कॅलेंडरने भागत नाही, पंचांग लागतं. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू. डिसेंबरच्या मध्याला खरमास, म्हणजे लग्नाला वर्ज्य महिना, लागतो, मग संक्रांतीपर्यंत हिंदी मंडळींकडे सामसूम. त्यानंतर पुन्हा धावपळ, आणि आषाढी एकादशीला सगळं ठप्प. देव झोपतात, कॅमेऱ्याचा हप्ता मात्र टक्क जागा असतो.

2024 साली तर ऐन मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघंही अस्ताला गेले, म्हणजे लग्नाचे मुहूर्तच नाहीत. ज्या महिन्यांसाठी मंगल कार्यालयं वर्षभर आधी भरतात, त्याच महिन्यांत ती रिकामी पडली. तेव्हा मला तगवलं ते आपल्याच लोकांनी. मराठी पंचांगांत अशा दिवसांसाठी गौणकालाचे, म्हणजे अडचण असेल तर चालणारे दुय्यम, मुहूर्त देतात, आणि मुलगा अमेरिकेहून तेवढ्याच सुट्टीत येणार असेल तर तिलकनगरातल्या आजीसुद्धा ‘चालतं हो’ म्हणतात.

मराठी असण्याचा इथे आणखी एक धंद्याचा फायदा आहे. आपली लग्नं दिवसा, हिंदी मंडळींची रात्री. सकाळी रामबागेत मराठी लग्न, पंगती उठल्या की घरी येऊन बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, आणि रात्री बायपासवरच्या एखाद्या गार्डनमध्ये वरात. तिथे नवरदेव घोडीवरून उतरेपर्यंत अकरा वाजतात आणि फेरे पहाटे. एका तारखेत दोन कामं होतात. तिशीत हे खूप केलं. आता गुडघे नाही म्हणतात, म्हणून रात्रीचं काम निवडून घेते.

दिवसाच्या लग्नात काम सोपं असतं असं मात्र समजू नका. गौरीहराशी बसलेली नवरी घ्या. ती बहुधा कार्यालयातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत बसवलेली असते, अंगावर पिवळी अष्टपुत्री, आणि त्या पिवळ्याचं प्रतिबिंब थेट हनुवटीखाली पडतं. कॅमेऱ्याचे रंग ऑटोवर सोडले तर मुलगी काविळीची दिसते. मी तिच्या मांडीजवळ, फ्रेमच्या जरा खाली, पांढरा टॉवेल पसरते. खिडकीचा उजेड त्यावरून उसळून चेहऱ्यावर येतो आणि पिवळेपणा पुष्कळ कमी होतो. या खोलीत पुरुष फोटोग्राफर दारातूनच दोन क्लिक मारून परततो, मी तासभर बसू शकते. माझी निम्मी कामं या एका खोलीमुळे येतात. तरीही बाहेर कोणीतरी विचारतंच, ‘ताई, सर कधी येणार?’

मग अंतरपाट. गुरुजींना आधीच गाठून विचारून ठेवते, पाट कोणत्या बाजूला ओढणार. उभं राहायचं ते पाटाच्या बरोबर रेषेत, म्हणजे दोघांचे चेहरे दोन बाजूंना मिळतात. फोकस नवरीच्या डोळ्यावर आधीच बांधून ठेवायचा, कारण शेवटच्या ‘सावधान’ला अक्षता उडतात आणि मोकळा सोडलेला ऑटोफोकस नेमका लेन्ससमोरच्या तांदळाला धरतो. त्यातच वऱ्हाडाचे मोबाइल मध्ये घुसतात. एका आत्याबाईंना मी हात जोडून मागे केलं होतं. पुढच्या वर्षी त्यांच्याच मुलीच्या लग्नाचं काम मला मिळालं.

इंदूरची मराठी वस्ती मोठी असली तरी कोण कोणाचं हे तीन वाक्यांत निघतं, आणि दर ठरवताना तेच नडतं. ‘अगं, तुझी आई आणि मी एका भिशीत होतो. तू आमच्याकडून काय घेणार?’ काकूंना एका दिवसाचं काम दिसतं. त्यामागे आठवडाभर संगणकासमोर बसून निवड, रंग, करिश्मा अल्बमची (पानांवरच फोटो छापलेला जाड अल्बम) पानं, लॅबच्या फेऱ्या आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर साठवण असते, ते दिसत नाही. मी दर कमी करत नाही, काम कमी करते: अल्बम नको, फक्त फोटो, एकच कॅमेरा. आणि नातं कितीही जवळचं असो, करार लेखी. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ग्राहक असतो, उलट करार नसेल तर. हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि ते नवरीचे फोटो बिनधास्त जाहिरातीत वापरतात. मी कागदावर दोन ओळी घालते: हक्क माझा, पण घरच्यांच्या होकाराशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही.

बाबांना हा धंदा अजून पटलेला नाही. त्यांना मी लाला दीनदयाळांचं उदाहरण देते. रुडकीला शिकून 1866 साली ते इथे इंदुरात बांधकाम खात्यात लागले, 1874च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला, तुकोजीराव होळकरांचा आश्रय मिळाला आणि पुढे नोकरी सोडून हैदराबादला निजामाचे फोटोग्राफर झाले. यावर बाबा म्हणतात, ‘पण आधी सरकारी नोकरी होती ना!’ काय बोलणार.

माझी नोकरी म्हणजे पीथमपूर, इंदूरजवळची औद्योगिक वसाहत. तिथले कारखाने, त्यांची मशिनं, माहितीपत्रकं, वार्षिक अहवाल. पावसाळ्यात घर यावर चालतं. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, माझा फोटो गावभर फिरतो आणि एक रुपया देत नाही, स्टीलच्या व्हॉल्व्हचा फोटो कोणी बघत नाही आणि तीन महिन्यांचं भाडं देतो. काम किचकट. काचेवरची किंवा पाण्यावरची चमक पोलरायझरने मारता येते, उघड्या धातूवरची नाही. तिथे चारी बाजूंनी पांढरं कापड बांधायचं, बटर पेपरमागून लाइट द्यायचा, तेलाचे डाग पुसायचे आणि मग मशिनमध्ये स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं म्हणून पुन्हा सगळं हलवायचं. सेफ्टी ऑफिसर शेजारी उभा. मागे कुठे एक कामगार गॉगलशिवाय दिसला तरी उत्तम फोटो बाद.

पैशाचं रडगाणं तिथेही आहे. एका कंपनीने ‘साहेब बाहेरगावी आहेत’ एवढ्या कारणावर माझं बिल सहा महिने लटकवलं. तेव्हापासून उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक बिलावर ठळक छापते. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. आणि 2024-25च्या करनिर्धारण वर्षापासून, मुदत टळली तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे चुकते केल्याशिवाय आयकरात वजा धरता येत नाही. माझ्या फोनला जे अकाउंट्सवाले उचलत नव्हते, ते मार्च अखेरीस आपणहून फोन करतात, ‘मॅडम, बिल परत पाठवता का?’

यंदा नोव्हेंबरातल्या एका झकास मुहूर्तालाच पीथमपूरच्या एका कारखान्याने शटडाउन ठेवलाय. मशिनं थांबलेली फक्त त्याच दिवशी मिळणार. लग्न मी एका मैत्रिणीला सोपवलं, टॉवेलासकट. नवरीची आई फोनवर म्हणाली, ‘म्हणजे आमच्या मुलीपेक्षा तुला मशीन महत्त्वाचं?’ मी म्हटलं, ‘मावशी, मशीन ॲडव्हान्स देतं.’