तुम्ही विचारलंत म्हणून : एकच अंक द्यायचा झाला तर

"सर, एवढ्यात काय चांगलं वाचलंत?" शाळेच्या फाटकाशी पालक विचारतात, मोती चौकात भेटलेले जुने विद्यार्थी विचारतात. त्यांना कादंबरीचं नाव नको असतं. मी सातार्‍यात चित्रकला शिकवतो, कॉमिक्स वाचतो आणि इतरांना वाचायला देतो, हे सगळ्यांना ठाऊक झालंय. अट तेच घालतात : मालिका नको, पन्नास-पन्नास भाग कोण वाचत बसणार? एक सुटा अंक सांगा, हातात घेतला की संपवूनच खाली ठेवता येईल असा.

ही अट मला मनापासून आवडते. अमेरिकेतल्या मासिक कॉमिकला गोष्टीची वीस-बावीस पानं मिळतात. पानाला पाच-सहा चौकटी धरल्या तर सव्वाशेच्या आसपास चित्रं झाली. तेवढ्यात माणूस उभा करायचा, त्याला पेचात टाकायचं आणि वाचकाला कुठेतरी पोचवायचं. बहुतेक अंक एवढं करतच नाहीत. मागच्या महिन्याचा धागा उचलतात आणि पुढच्या महिन्यासाठी गोष्ट लोंबकळत ठेवतात. त्यामुळे एखादा अंक स्वतःच्या पायावर उभा राहिलेला दिसला की मी तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो.

अंक निवडताना मी एक गोष्ट करून बघतो. चित्रांवर हात ठेवायचा आणि फक्त संवादाचे फुगे वाचायचे. सगळी गोष्ट तेवढ्यावर कळली, तर चित्रकाराला नुसतं सजावटीला बसवलंय असं समजायचं. फुग्यांवरून काहीच लागत नसेल, किंवा अर्धवटच लागत असेल, तर अंक घरी न्यायचा.

या कसोटीवर सध्या माझ्या मनात पहिला असलेला अंक म्हणजे मार्व्हलच्या 'हॉकआय' मालिकेतला अकरावा. २०१३ साली आलेला, लेखक मॅट फ्रॅक्शन, चित्रकार डेव्हिड आहा. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट सुट्या अंकाचं आयस्नर पारितोषिक, म्हणजे अमेरिकेतलं कॉमिक्सचं मानाचं बक्षीस, मिळालं. हॉकआय म्हणजे धनुष्यबाणवाला नायक, पण या अंकात त्याला फारसं काम नाही. गोष्ट आहे त्याच्या एका डोळ्याच्या कुत्र्याची. इमारतीच्या गच्चीवर खून झालाय आणि कुत्रा आपल्या परीने शोध घेत फिरतोय.

आता कुत्र्याचा शोध कागदावर दाखवायचा कसा? त्याच्या तोंडी माणसासारखी भाषा घालणं सोपं होतं. या दोघांनी ते केलेलं नाही. माणसं बोलतात तेव्हा फुग्यात अक्षरांच्या जागी नुसत्या गिचमिड रेघा आहेत, आणि त्या रेघांतून मध्येच एखादा ओळखीचा शब्द वर येतो : शहाणा कुत्रा, थांब, असलं काहीतरी. कुत्र्याला जेवढं समजतं तेवढंच आपल्यालाही. मालक आणि त्याची तरुण जोडीदार केट यांचं मोठं भांडण होतं. ते कशावरून, हे आपल्याला त्यांच्या खांद्यांवरून, वळलेल्या पाठींवरून ओळखावं लागतं.

आणि वास! एका चौकटीत कोणाचा तरी चेहरा येतो. त्याच्याभोवती रेघा निघतात आणि रेघांच्या टोकाला बारीक बारीक चिन्हं, रेल्वे स्टेशनवरच्या पाट्यांवर असतात तशी साधी, सपाट. कॉफी, पिझ्झा, दुसरा एखादा माणूस. या माणसाच्या अंगाला कशाकशाचा वास येतो, तो कुठून आलाय, कोणासोबत होता, हे सगळं एका आकृतीत. तेच चिन्ह चार पानांनी दुसर्‍याच माणसाच्या चेहर्‍याशी जोडलेलं दिसलं की आपल्यालाही वास लागल्यासारखं होतं. इथे हात ठेवून फुगे वाचायला गेलात तर हाती शून्य. चित्रंच बोलतात.

रविवारी सकाळी शाहूपुरीतल्या माझ्या घरी काही मुलं चित्रं काढायला येतात. त्यांना हा अंक दाखवला. एकाने दोन पानं उलटली आणि विचारलं, "सर, ह्यातलं बोलणं पुसलंय का ओ कुणी?" मी काही सांगायच्या आत कोंडव्याहून येणारा, घरी दोन कुत्री असलेला मुलगा म्हणाला, "आरं, त्याला जेवढं कळतंय तेवढंच लिवलंय." याहून चांगली समीक्षा मी तरी वाचलेली नाही.

एक आग्रहाचं सांगणं. हे अंक बहुतेक जण टॅबलेटवर किंवा फोनवर वाचतात, मीसुद्धा. तिथे एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते. ती बंद करा. आहाचं पान ही एक अखंड रचना आहे. नजर कुठून शिरते, कुठे अडते, कुठल्या कोपर्‍यातून बाहेर पडते, हे त्याने ठरवलेलं आहे. एकेक चौकट सुटी करून बघितली की तो हिशोब मोडतो. फोन लहान पडत असेल तर वाट बघा, मोठा पडदा मिळाल्यावर वाचा.

यानंतर जे अंक मी देतो त्यांच्या तारखा बघण्यासारख्या आहेत. मुखपृष्ठावरच्या तारखेने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च १९८४. ओळीने तीन महिन्यांत तीन वेगवेगळ्या मालिकांमध्ये असे तीन अंक निघाले, ज्यांच्याबद्दल लोक आजही बोलतात.

जानेवारीचा 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा २४८वा. त्यातली मुख्य गोष्ट सोडून द्या, मागे जोडलेली अकरा पानांची दुसरी गोष्ट वाचा. लेखक रॉजर स्टर्न, चित्रकार रॉन फ्रेन्झ. टिम हॅरिसन नावाचा नऊ वर्षांचा मुलगा स्पायडरमॅनची कात्रणं जमवतो, त्याच्याबद्दल मिळेल ते साठवतो. एका रात्री स्पायडरमॅन खिडकीतून त्याला भेटायला येतो. दोघं गप्पा मारतात. एवढंच घडतं. मारामारी नाही, खलनायक नाही. मधून मधून वर्तमानपत्रातल्या एका स्तंभाचा मजकूर येत राहतो आणि तो वाचताना वाटतं, हे छापणार्‍याला टिमबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. टिम विचारतो, तू खरा कोण आहेस? आणि जे गुपित स्पायडरमॅन जिवाच्या करारावर जपत आला, ते तो या पोराला सांगतो, मुखवटा काढून. का सांगतो? उत्तर शेवटच्या पानावर आहे, एका पाटीवर. सगळी गोष्ट त्या इमारतीच्या आतच घडली, पण बाहेरची पाटी चित्रकाराने तोवर एकदाही दाखवलेली नाही. पाटीवर काय लिहिलंय ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर तुमच्या हातून ती गोष्ट कायमची जाईल.

ही गोष्ट मी पालकांना देतो, आणि मुलाशेजारी बसून वाचा म्हणतो. एकट्याने वाचायला लहान मुलाला देऊ नका.

फेब्रुवारीचा 'स्वॅम्प थिंग'चा एकविसावा. लेखक ॲलन मूर, चित्रकार स्टीफन बिसेट आणि जॉन टॉटलबेन. आपण माणूस होतो आणि दलदलीत पडून वनस्पती झालो, असं समजून इतके दिवस जगलेल्या प्राण्याच्या प्रेताची तपासणी होते आणि निघतं भलतंच : हा माणूस कधी नव्हताच, ही स्वतःला माणूस समजणारी वनस्पती आहे. अंक जबरदस्त आहे, पण शब्दांनी गच्च भरलेला आहे आणि भीषणही. पहिलाच अंक म्हणून मी तो कोणाला देत नाही.

मार्चचा मात्र हटकून देतो. 'जी. आय. जो'चा एकविसावा, लॅरी हामाचा. मालिका खेळण्यांच्या सैनिकांवर बेतलेली, खेळणी खपावीत म्हणून काढलेली. आणि त्यात हा अंक अख्खा मुका आहे. एक फुगा नाही, निवेदनाची चौकट नाही, धडाम-धुडूमसुद्धा नाही. स्नेक आयज हा योद्धा मुळातच बोलत नाही. त्याची सहकारी स्कार्लेट शत्रूच्या गढीत कैद आहे, तिला सोडवायला तो एकटा निघतो. आणि तो पोचायच्या आधीच ती आपल्या हिमतीवर कोठडीतून सुटलेली असते. १९८४ सालच्या, मुलग्यांसाठी काढलेल्या कॉमिकमध्ये! शेवटी त्याच्या हातावर एक गोंदण दिसतं. तेच गोंदण आपण त्याच्या वैर्‍याच्या हातावरही बघतो. दोन चित्रं, आणि दोघांचा एक अख्खा भूतकाळ उघडा पडतो. हे वाक्यात सांगितलं असतं तर लोक विसरून गेले असते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणार्‍या मुलांना मी हा अंक मुद्दाम दाखवतो. स्मरणचित्रात आमची मुलं माणसं काढतात ती फोटोला उभी राहिल्यासारखी, सगळी समोर तोंड करून. हामाच्या अंकात प्रत्येक माणूस काहीतरी करतोय. चढतोय, लपतोय, कान देऊन ऐकतोय. शब्द काढून घेतल्यावर शरीराला बोलावंच लागतं. मुलांना मी सांगतो, प्रत्येक पानाखाली एका ओळीत काय घडलं ते लिहा. सगळ्यांच्या ओळी जवळपास सारख्या येतात, आणि चित्र किती स्वच्छ बोलू शकतं हे मला वेगळं शिकवावं लागत नाही.

माझ्या वयाचे लोक इथे हमखास विचारतात, "आणि आपला वेताळ?" इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या घरातून निघालं आणि १९९०ला बंद पडलं. मराठीतही यायचं. वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, आणि जादूगार मँड्रेक यांच्यावर माझाही जीव आहे. पण ते अंक मूळच्या वर्तमानपत्री चित्रपट्ट्या कापून-जोडून बनवलेले होते. रोजच्या वाचकासाठी लिहिलेल्या पट्टीत कालचं थोडं परत सांगावं लागतं, आणि ते अंकातही तसंच येतं. गोष्ट पुरी होते, पान मात्र पान म्हणून रचलेलं नसतं. त्यापेक्षा १९७६ मध्ये आलेला आबिद सुरतींचा बहादूर वाचा. डाकूंच्या मुलखातला, कुर्ता-जीन्समधला नायक, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. तो अंकासाठीच घडवलेला होता, आणि ते पानावर दिसतं. जुन्या रद्दीत अंक सापडला तर सोडू नका.

शेवटचं जे देतो तो सुटा अंक नाही, पुस्तक आहे. तरी अट मोडून देतो, कारण सातारकराने ते वाचलंच पाहिजे असं मला वाटतं. 'भीमायन', बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं, नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची चित्रं, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. पुस्तकाचे तीन भाग आहेत : पाणी, निवारा, प्रवास. वेळ नसेल तर निदान पाण्याचा भाग वाचा. एका अंकाएवढाच वेळ लागेल.

ती गोष्ट इथलीच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव राजवाड्यातल्या तेव्हाच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये नोंदलं गेलं. आपल्याकडे तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेत बसायला वेगळं गोणपाट, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही, कारण नळाला हात लावायचा नाही. १९०१ साली वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तळ्याच्या कामावर होते. त्यांना भेटायला पोरं नवे कपडे आणि जरीच्या टोप्या घालून हौसेने आगगाडीत बसली आणि मसूरला उतरली. स्टेशन मास्तराने जात विचारली. मग बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडं देऊन मिळाली, तीही पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार या अटीवर. रात्रभर पाण्याचा थेंब नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

व्याम दांपत्याने चौकटी काढायला नकार दिला. माणसं डब्यात कोंडली की गुदमरतात, आमची कला खुली असते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पानावर सरळ रेघांच्या पेट्या नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्नाच्या वळणदार पट्ट्या एका प्रसंगातून दुसर्‍यात वाहत जातात. आणि फुगे! मायेने बोलणार्‍याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचं विष ओकणार्‍याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यावर डोळा. वाचता न येणार्‍या मुलालाही कळतं की हा माणूस डंख मारतोय. मसूरला जायला सातारकराला कितीसा वेळ लागतो? त्या वाटेवरच्या प्रत्येक माणसाच्या तोंडून निघालेली नांगी पानावर मोजता येते.

माझी कसोटी इथे लागूच होत नाही. चित्रांवर हात ठेवून फुगे वाचायला जावं, तर फुगा हेच चित्र.

वयाचं विचाराल तर 'भीमायन' पाचवीपासून पुढे कोणालाही. 'जी. आय. जो' त्याहून लहानांनाही चालेल. 'हॉकआय'मध्ये खून आहे, रक्त आहे, तो आठवीनंतर. 'स्वॅम्प थिंग' मोठ्यांनी वाचावा. हवा असेल त्याने रविवारी दहानंतर घरी यावं. 'भीमायन' सध्या नववीतल्या एका मुलीकडे आहे. तिची आजी वाचतेय असं कळलं, म्हणून मागायची घाई केलेली नाही.